बॅग कुणी भरली

मुलीकडे दुबईला जायचं ठरलं, तेव्हा जो भेटेल तो मला सावध करू लागला. मला ते बरं वाटलं. एरवी माझ्या संशयी स्वभावाला घरात सगळे हसतात. "ही देवळातल्या तीर्थाचाही आधी वास घेईल," असं आमचे हे चारचौघांत सांगतात आणि मी कुठेतरी खांबाआड जाऊन उभी राहते. पण आता अख्खी वस्तीच माझ्यासारखं बोलायला लागली होती.

आमची मखमलाबादच्या बाजूला थोडी जमीन आहे. झेंडू, शेवंती, गुलछडी करतो आणि पहाटे नाशिकच्या फुलबाजारात नेतो. तिथे माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईचा भाऊ दुबईला गवंडीकाम करून आलेला. ती म्हणाली, "विमानतळावर पैसे बदलू नको गं. उतरलं की समोरच काच लावून बसलेले असतात. तिथं लय भाव पाडतात." मला लगेच पटलं. टेम्पोतून क्रेट उतरवायच्या आत जो व्यापारी पुढे येऊन भाव सांगतो, त्याला माल द्यायचा नसतो, हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. म्हणून मी शहरातूनच थोडे दिरहम घेतले. प्रत्येक नोट उजेडात धरून पाहिली. दुकानातला मुलगा हसला. हसू दे. ती नोट मी जन्मात पाहिलेली नव्हती, तर खरी कोणती आणि खोटी कोणती हे कसं कळणार? पण आपण बघतोय एवढं समोरच्याला दिसलं पाहिजे.

मुलीनं फोनवर सगळं दोनदोनदा सांगितलं.

"आई, पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या पिशवीत. पैसे एका जागी ठेवू नकोस. बीपीच्या गोळ्यांबरोबर डॉक्टरची चिठ्ठी पाहिजेच. रस्त्यात बायकांचे, पोलिसांचे फोटो काढायचे नाहीत. टॅक्सी मीटर टाकूनच."

"बरं."

"आणि खसखस आणायची नाही. चिमूटभरसुद्धा नाही. इथं तिला अफूच समजतात, पोलीस पकडतात. मी मम्मींनाही सांगितलंय. आणि कुणाचंही काही बॅगेत घ्यायचं नाही. 'एवढंच माझ्या भावाला दे' म्हणतील, नाही म्हणायचं."

"बरं."

"आई, तुला नाही म्हणता येतं का?"

उत्तर तिला ठाऊक होतं.

मम्मी म्हणजे तिच्या सासूबाई, माझ्या विहीणबाई. त्या सटाण्याच्या. घरचा कांद्याचा व्यापार, चाळी, गाड्या, दारात माणसांची ये-जा. जावयानं आम्हा दोघींची तिकिटं एकत्र काढली होती, कारण अधिक महिना चालू होता आणि त्याला सुट्टी मिळत नव्हती. धोंड्याच्या महिन्यात सासूनं जावयाला वाण द्यायचं असतं. जाळीदार पदार्थ, तेहतीस नग, वर दिवा. खरं म्हणजे अनारसेच देतात. पण अनारसा खसखशीवर थापतात, म्हणून मी तो विचारच सोडला आणि बत्तासे घेतले. बत्ताशालाही आतून जाळी असते. चालतं.

हे मी विहीणबाईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "बत्तासे? देवळापुढं पोराटोरांना वाटता तसे?"

"जाळी असते ना त्यांना."

"जाळी तर मच्छरदाणीलाबी असती, विहीणबाई."

मी हसले. मुलीच्या आईनं अशा वेळी हसायचं असतं. त्यांच्याकडून टोमणा आला तरी मान खाली, साडी आली तरी मान खाली. माझी मुलगी त्यांच्या घरात आहे. मी इकडे एक शब्द वाकडा बोलले तर तो तिला तिकडे ताटात वाढला जाईल, या भीतीनं मी इतकी वर्षं त्यांच्यासमोर अर्धंच बोलत आले.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी विहीणबाई आमच्याकडे मुक्कामाला आल्या. संध्याकाळी आम्ही फुलांच्या शेडमध्ये टांगलेल्या काट्याला दोघींच्या बॅगा लावून पाहिल्या. त्यांची काठोकाठ भरली. माझी बरीच हलकी राहिली. "तुमच्यात अजून जागा शे," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, येताना लागेल. त्या माझ्या बॅगेकडे बघत राहिल्या. पुढे मला ते बघणं सारखं आठवत राहिलं.

मग मी चहा घेऊन आत गेले, तर त्या खिडकीशी फोनवर होत्या. माझ्याकडे पाठ होती. मुलाशी बोलत होत्या. "त्यांना सांगू नको. सांगशील तर घ्यायच्याच नहीत." मी तशीच मागे फिरले आणि पाच मिनिटांनी भांड्यांचा आवाज करत परत गेले.

त्यांना, म्हणजे मलाच. दुसरं कोण होतं घरात? काय घ्यायचं नाही मी? रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी किती गोष्टींचा विचार केला. सोनं असेल का? कुणाची औषधं? की सटाण्याच्या कुणा ओळखीच्यानं तिकडे द्यायला दिलेलं पुडकं? विहीणबाईंना नाही म्हणायची सवय नाही, कारण त्यांना गावात मान मिळवायला आवडतं. "मी चाललेय दुबईला, द्या काय असेल ते," असं त्या बोलल्याही असतील.

सकाळी गाडी दारात आली. ह्यांनी माझी बॅग उचलायच्या आत मी ती दाराबाहेर सरकवायला उचलली, आणि हाताला कळलं. रोज क्रेट उचलणाऱ्या हाताला वजन सांगावं लागत नाही. काल संध्याकाळपेक्षा बॅग जड होती. मी पहाटे देवपूजेला आणि गोठ्याकडे गेले होते तेवढ्यात कुणीतरी ती उघडली होती. कुलूप मी निघताना लावणार होते.

उघडून बघायचं, एवढं सोपं होतं. पण विहीणबाई ओट्यावर उभ्या होत्या, गाडीवाला डिकी उघडून थांबला होता, शेजारच्या बायका निरोपाला आल्या होत्या. त्यांच्यासमोर बॅग उघडणं म्हणजे घरी आलेल्या विहिणीला चोर म्हणणं. हे म्हणाले, "काय गं, राहिलं काही?" मी म्हटलं, नाही. बॅग डिकीत गेली.

रस्ताभर मी त्या डिकीत होते, गाडीत नव्हते.

गाडीवाला बोलका होता. पन्नाशीचा, कपाळाला अष्टगंध. त्याचाही मला संशय येऊ लागला, कारण तो फार विचारत होता. कुठे, किती दिवस, तिकडे कोण. विहीणबाई सगळं सांगत होत्या.

"महिनाभर राहणार. घरी काय, कोणीच नही. मालक दिवसभर मार्केटला, धाकटा पुण्याला."

मी त्यांच्या हाताला हात लावला. त्यांना वाटलं मला मळमळतंय. त्यांनी पर्समधून आवळा सुपारी काढून दिली. परक्याला घर रिकामं असल्याचं सांगू नये, एवढं मी तिथे बोलू शकले नाही. सुपारी चघळत बसले.

इगतपुरीच्या अलीकडे चहाला थांबलो. मी धीर केला.

"विहीणबाई, सगळं नीट भरलंय ना?"

"तुमचं तुम्ही भरलं, माझं मी भरलं." असं म्हणून त्या बशीत बघत चहा प्यायल्या. एरवी बोलताना माणसाच्या डोळ्यांत बघणारी बाई.

मी गाडीवाल्याला म्हटलं, "दादा, जरा डिकी उघडता का? शाल काढायची आहे."

"शाल?" विहीणबाई म्हणाल्या. "या उकाड्यात? बरं नाही का तुम्हाला?"

गाडीवाला म्हणाला, "मावशी, एसी बंद करतो की." आणि त्यानं खरंच बंद केला. घाटात आम्ही तिघंही घामानं भिजलो आणि विहीणबाई कसाऱ्यापर्यंत माझ्या नावानं पदरानं वारा घेत राहिल्या.

आता मागे बघून मला वाटतं, मी तेव्हाच स्पष्ट विचारलं असतं तर? पण मनात दोन भीती होत्या. विचारलं आणि काहीच नसलं, तर मुलीला जन्मभर ऐकावं लागेल की तुझ्या आईनं माझी झडती घेतली. आणि नाही विचारलं आणि काही असलं, तर ज्या बॅगेवर माझं नाव, ती माझी. तिकडचा पोलीस मला विचारेल. मी कुठल्या भाषेत सांगणार, की हे विहिणीनं ठेवलं? आपल्या भाषेत सांगितलं तरी कोण खरं मानेल?

मुंबईच्या विमानतळावर गाडीवाल्यानं सामान ढकलगाडीवर चढवून दिलं आणि तो परतीचं भाडं मिळतं का बघायला थांबला. आत थंडगार. सगळीकडे चकचकीत फरशी, आणि माणसं इतकी आत्मविश्वासानं चालणारी की आपण चुकून आलोय असं वाटावं. आम्ही रांगेत उभ्या राहिलो. खिडकीशी एक तरुण मुलगी बसली होती. तिच्यासमोर चित्रांची पाटी होती, काय काय नेऊ नये त्याची. माझं लक्ष त्या पाटीवरून हलत नव्हतं.

आधी विहीणबाईंची बॅग पट्ट्यावर चढली. मुलीनं हिंदीत विचारलं, "बॅग खुद पैक की? किसी ने कुछ दिया तो नहीं?"

"खुद, खुद," विहीणबाई म्हणाल्या. चिठ्ठी बांधली गेली.

मग माझी. तोच प्रश्न. माझं तोंड उघडायच्या आत विहीणबाई म्हणाल्या, "हो, हो. यांनीबी खुद."

त्या मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आमच्या पासपोर्टवरचं नाशिक वाचलं असेल, ती मराठीत म्हणाली, "मावशी, तुम्ही सांगा. तुम्हीच भरली ना बॅग?"

मागे लांब रांग होती.  मला एवढंच आठवतं की मी तिच्या टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"नाही," मी म्हटलं.

"काय नाही?"

"सगळी मी नाही भरली. आत काहीतरी आहे. मला माहीत नाही काय."

इतकं लांब वाक्य मी परक्या माणसांत पहिल्यांदाच बोलले असेन. विहीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना भर मार्केटात थोबाडीत मारली होती.

मुलीनं पट्टा थांबवला, कुणाला तरी हाक मारली, आम्हाला बाजूला घेतलं. गणवेशातला एकजण आला. बॅग खाली ठेवून मी कुलूप काढलं. वरच्या दोन साड्या, टॉवेल, मुलीसाठी घेतलेला गाऊन, आणि त्याखाली माझ्या कोसा साडीत गुंडाळलेला एक मोठा स्टीलचा डबा, झाकणाला चारही बाजूंनी चिकटपट्टी.

"हा माझा नाही," मी म्हटलं. 

"माय वं!" विहीणबाई कडाडल्या. "चोर शे का मी? बॉम्ब ठिव्हलाय का मी? उघडा! उघडा, सगळ्यांनी बघा!" आणि त्या स्वतःच खाली बसल्या. नखांनी पट्टी निघेना, तर दातांनी ओढली.

झाकण निघालं. तुपाचा वास सुटला. आत अनारसे होते. एकावर एक, बदामी, प्रत्येकाला सुरेख जाळी पडलेली, आणि प्रत्येकाच्या एका बाजूला दाट खसखस.

रांगेतला कुणीतरी म्हणाला, "अरे वा." गणवेशातल्या माणसानंही जरा वाकून पाहिलं. खिडकीवरची मुलगी उठून आली आणि तिनं डोक्याला हात लावला. "मावशी, दुबईला? खसखस? तिकडे उतरल्यावर सापडली असती तर तुम्हाला आत टाकलं असतं हो."

"कोणाला?" विहीणबाईंनी विचारलं.

"यांना. बॅग यांच्या नावावर आहे."

विहीणबाई माझ्याकडे बघायला तयार नव्हत्या. त्या मुलीलाच समजावू लागल्या. "सून म्हणली होती खसखस नको. म्हणून लाडवात नही घातली मी, डिंकाच्या. विचारा सुनेला. पण अनारसा खसखशीबिगर कसा थापणार? ती काय पदार्थात धरता का? पोळीला लावलेलं पीठ कोणी धरतं का?"

त्या खरं बोलत होत्या. मी स्वयंपाकघरात आयुष्य काढलेली बाई आहे, मला ते कळलं. लाडवातली खसखस त्यांनी आठवणीनं वगळली होती. अनारशाखालची त्यांच्या हिशेबात खसखसच नव्हती.

"पण माझ्या बॅगेत का?" मी विचारलं. खाली बघूनच विचारलं.

"मग कोणाच्या? वाण सासूच्या सामानातून निघालं पाहिजे. बत्तासे घेऊन चालल्या होत्या तुम्ही. माझा पोरगा काही बोलला नसता, पण त्याच्या मित्रांच्या बायका बघणार, विचारणार. मला वाटलं, तुमची लाज राखावी. तिथं गेल्यावर बॅगेतून काढून तुमच्या हातात दिला असता डबा. सांगितलं असतं तर घेतला असता का तुम्ही?"

"नाही."

"मग?"

 त्यांच्याही बाजूला काहीतरी होतं. पण मनाच्या एका कोपऱ्यात मला अजून वाटत होतं, की लाज राखायची होती तर माझ्याबरोबर बसून केले असते, लपवून कशाला? आमची लाज राखली हे सांगायलाही तो डबा त्यांना सटाण्यात किती वर्षं पुरला असता.

त्यांनी एक अनारसा उचलला आणि पदरानं खसखस पुसायला लागल्या. "ही बघा, निघती. पुसून नेते."

"मावशी, एक दाणाही चालत नाही," मुलगी म्हणाली. "आणि तो तुमच्या पदराला लागतोय आता."

तेव्हा विहीणबाईंनी पदर असा झटकला, जसा विंचू चढलाय.

मी गाडीवाल्याला फोन लावला. तो अजून बाहेरच होता. गणवेशातल्या माणसानं आम्हाला दारापर्यंत जाऊ दिलं. गाडीवाला आला, डबा बघून म्हणाला, "काय झालं?"

विहीणबाईंनी डबा त्याच्या हातात ठेवला. "घे बाबा. धोंड्याचं वाण आहे. आजपासून तूच आमचा जावई."

"मावशी, मलाच दोन पोरी आहेत. मी सासरा माणूस."

"मग तुझ्या जावयाला दे."

"लग्नं व्हायची आहेत अजून." असं म्हणेपर्यंत त्यानं एक तोंडात टाकला होता. "पण लय भारी झालेत."

विहीणबाईंनी तेवढ्यापुरतं नाक वर केलं आणि मग ते परत खाली आलं.

खिडकीकडे येताना त्या माझ्या पुढे चालत होत्या. मी मनात माझ्या मुलीशी बोलत होते, की बाई, आता तुझं तुलाच निस्तरावं लागेल. तेवढ्यात त्या थांबल्या. वळल्या नाहीत. इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"विहीणबाई. काळ्या मसाल्यात?"

"असते," मी म्हटलं. "तुम्ही घालता ना?"

"वाटीभर."

"कुठे आहे?"

"बॅगेत. तळाशी. दोन पिशव्या."

त्यांच्या बॅगेला चिठ्ठी लागलेली होती आणि ती पट्ट्याच्या तोंडाशी पडून होती, आमच्यामुळे पट्टा थांबला होता म्हणून. त्या गप्प राहिल्या असत्या तर ती गेलीच असती. दळलेल्या मसाल्यातली खसखस डोळ्यांना दिसत नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या खिडकीवरच्या मुलीकडे सरळ चालत गेल्या आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "पोरी, माझीबी काढ खाली."

मसाल्याच्या पिशव्या घेऊन आम्ही परत दाराशी गेलो, तेव्हा गाडीवाल्याचे गाल फुगलेलेच होते. "आता काय," तो म्हणाला, "पापड?"

मग आम्ही दोघी तिथेच एका कोपऱ्यात फरशीवर बसलो आणि दोन्ही बॅगा पूर्ण रिकाम्या केल्या. प्रत्येक साडी झटकली. बॅगेच्या शिवणीतून ओला रुमाल फिरवला. विहीणबाईंना जवळचं दिसत नाही, म्हणून त्या झटकत होत्या आणि मी बघत होते. त्यांनी अंगावरचीही साडी बायकांच्या खोलीत जाऊन बदलली आणि ती तिथल्या बाईला देऊन टाकली. चांगली नवी होती. माणसं आमच्या बाजूनं वळसा घालून जात होती. मला नेहमी वाटतं की सगळे माझ्याकडेच बघतायत. त्या दिवशी ते खरं होतं, आणि मला तिकडे बघायला वेळ नव्हता.

विमानात विहीणबाई डोळे मिटून बसल्या. झोपल्या नव्हत्या, हे मला कळत होतं. मी नखं बघत होते. एकेक नख. शिवणीत एखादा दाणा राहिला असेल, कोसा साडीच्या काठात असेल, रुमालातच असेल. रुमाल मी मुंबईला कचऱ्यात टाकला होता की परत पर्समध्ये? पर्स उपसून पाहिली. नव्हता.

दुबईला उतरल्यावर सामान पुन्हा यंत्रातून जातं. तिथल्या माणसानं माझ्याच बॅगेकडे बोट केलं. कशामुळे, ते देवाला माहीत. बत्ताशांमुळे असेल. त्यानं बॅग उघडली, बत्ताशांची पिशवी वर करून पाहिली, गोळ्या पाहिल्या. मी डॉक्टरची चिठ्ठी पुढे केली. त्यानं साड्या उचलल्या, रिकाम्या तळावरून हात फिरवला आणि अंगठ्यानं बोटं चोळून पाहिली. विहीणबाईंनी माझा दंड धरला. चांगलाच दाबून धरला, दुसऱ्या दिवशी काळानिळा झाला होता. त्या माणसानं बोटं पाहिली, बॅग बंद केली आणि मान हलवली. जा.

बाहेर मुलगी आणि जावई उभे होते. मुलगी गळ्यात पडली. मी तिच्या कानात म्हटलं, "तुझ्या सासूबाईंचं मन माझ्यामुळे दुखलंय. घरी गेलं की कळेल." ती म्हणाली, "काय केलंस?" मी म्हटलं, "नाही म्हटलं."

संध्याकाळी मी तबकात बत्तासे मांडले, दिवा लावला. जावई पाटावर बसला आणि त्यानं आईकडे पाहिलं. त्याला डब्याचं ठाऊक होतं, फोनवर तोच तर होता. अनारशाला खसखस असते याचा विचार त्या पोराच्याही डोक्यात आला नव्हता. शिकलेला आहे, पण अनारसा ताटात आल्यावर तो कशावर थापलाय हे कोणता पुरुष बघतो?

"आई, ते अनारसे?" तो म्हणाला.

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी दिव्याची वात सारखी करत होते, ती सारखीच होती तरी.

"तुझ्या सासूनं परत पाठवले," विहीणबाई म्हणाल्या.

जावयाची मान माझ्याकडे वळली.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "नही तर आता आपण पोलीस ठाण्यात बसलो असतो आणि वकिलाला देऊन देऊन मी कांदे विकले असते इथं." मग माझ्याकडे वळल्या. "पण भर रांगेत मला तोंडावर 'नाही' म्हणाल्या, ते मी मरेपर्यंत विसरायची नही, विहीणबाई. सांगून ठेवते."

"बरं," मी म्हटलं.

मुलीला हसू आलं, तिनं ते पदराआड नेलं. जावयानं बत्तासा तोंडात टाकला. मला मात्र कळेना की या दोन वाक्यांपैकी सटाण्याला आधी कोणतं पोहोचेल. अजूनही कळलेलं नाही. मुलगी म्हणते पहिलं. मला वाटतं दुसरं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सोन्याचा बाजार बघायला जाणार होतो. मी तयार होत होते, तर विहीणबाई खोलीत आल्या. हातात त्यांचा पासपोर्ट आणि पैशांची पर्स, नुसती फुगलेली. मी म्हटलंच होतं त्यांना कालपासून मनात, की ही पर्स अशी काखेत लोंबकळवत बाजारात जायची नाही. तोंडानं म्हटलं मात्र नव्हतं.

"हे तुमच्यापाशी ठेवा," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडून काही जायचं नही."

मी हात पुढे केला नाही. "नको. ज्याचा पासपोर्ट त्याच्याजवळ. मी हरवले तर तुम्ही कशाच्या जोरावर घरी जाणार?"

"लय अवघड बाई आहात तुम्ही." त्या पलंगावर बसल्या. मला वाटलं, झालं, पुन्हा दुखावल्या. पण त्या उठून गेल्या नाहीत. पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

मी मुलीच्या खणातून सुईदोरा आणि जुन्या उशीचा अभ्रा काढला. म्हटलं, परकराला आतून कप्पा शिवून देते, वर बटण लावते. थोडे सुटे पैसे वरच्या पर्समध्ये ठेवा, दुकानदाराला तेवढेच दिसू द्या. बाकीचं आत.

त्या उभ्या राहिल्या, साडीचा घोळ वर धरला. मी खाली बसून अभ्र्याचा तुकडा मापाला लावला. त्या वरून बघत होत्या.

"जरा मोठा शिवा," त्या म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा माझ्याकडे जास्त आहेत."